कॉलरची आतली बाजू

शिंप्याच्या दुकानात इस्त्री नाही असं कुणाला सांगितलं तर तो हसणारच. न्हाव्याकडे आरसा नाही म्हणण्यातलाच तो प्रकार. पण मास्तरांच्या दुकानात अठरा वर्षं इस्त्री नव्हती. शिवण बसवायची ती अंगठ्याच्या नखानं, नाहीतर लाकडी ठोकळ्यानं ठोकून. तयार झालेले कपडे गठ्ठा बांधून दोन गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत जायचे आणि तिथून कडक होऊन परत यायचे. नवं गिऱ्हाईक हसून विचारायचं, आणि जुनं गिऱ्हाईक त्याला कोपरानं ढोसायचं, की बाबा गप्प बस. जुन्यांना गुंडी माहीत होती.

गुंडी म्हणजे मास्तरांची एकुलती एक मुलगी. सात वर्षांची असताना टेबलाखाली सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. दोरीला लोहचुंबक बांधायचं आणि रांगत रांगत फिरायचं. एका दुपारी तिच्या काकानं, म्हणजे मास्तरांच्या धाकट्या भावानं, तापलेली इस्त्री टेबलाच्या कडेला उभी केली आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर कोट चढवून बघायला तो आरशापाशी गेला. खाली गुंडीची दोरी इस्त्रीच्या वायरीत अडकली. तिनं ओढली. डाव्या कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत भाजलं. जीव वाचला, डोळा वाचला, वण राहिला.

मास्तर धाकट्या भावाला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मास्तरांच्या बहिणीचं, म्हणजे आत्याचं, पहिल्या दिवसापासूनचं मत. चार शिव्या दिल्या की माणूस मोकळा होतो. मास्तर मोकळे झाले नाहीत आणि धाकट्यालाही त्यांनी होऊ दिलं नाही. त्यांनी इस्त्री एका जुन्या कोटाच्या तुकड्यात बांधली आणि माळ्यावर टाकली, बस. मास्तरांची बायको, वहिनी, तर एक पाऊल पुढे. त्या दिवसापासून तिनं दिराला भाऊजी म्हणणं सोडलं. त्याच्याशी बोलायचं झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची, की जेवायला बसायला सांगा, की बाहेर कुणी आलंय म्हणावं. एकाच घरात, एकाच ताटलीतला पाव खाऊन अठरा वर्षं हे असं चाललं. माणसं कशाकशाची सवय करून घेतात त्याला काही हिशोब नाही.

आणि मग मास्तरांनी कॉलर बेतली. उंच, पार कानाच्या पाळीला टेकणारी, आत दुहेरी बक्रम घालून कडक केलेली. जखमेची पट्टी बदलणारा कंपाउंडर तेव्हा म्हणाला होता, दाब राहिला की वण वर येत नाही. दाब म्हटल्यावर शिंप्याला दुसरं काय सुचणार? पोरगी एकटी पडायला नको म्हणून त्यांनी तसलीच कॉलर स्वतःला शिवली, बायकोला शिवली, बहिणीला शिवली, धाकट्यालाही शिवली. आधी लोकांनी टिंगल केली. मग एकानं हौसेनं मागितली, मग दुसऱ्यानं, आणि चार-पाच वर्षांत मास्तर कॉलर म्हणून तिचं नाव झालं. दुकान त्या कॉलरवर उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल. त्या कॉलरचं प्रत्येक काज आत्यानं आपल्या हातानं केलेलं होतं.

तर हीच आत्या या रविवारी दुकानामागच्या मोठ्या खोलीत सुई-दोरा घेऊन बसली होती आणि तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता. डोळे चांगले होते. पोटात एक गोष्ट होती, आणि गुरुवारपासून ती आत ठेवून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. आत्या म्हणजे उभ्या जन्मात मनात काही न ठेवलेली बाई. जे मनात ते ओठात, आणि कधीकधी तर मनात यायच्या आधीच ओठात.

गोष्ट अशी. उद्या सोमवारी सकाळी गुंडीच्या वणावर लेझरची पहिली बैठक होती. महिन्याभरापूर्वी तिनं जेवताजेवता लेझर करून घेणार असं सांगितलं तेव्हा घरात जो तो आपापल्या परीनं शहाणा झाला. वहिनीला वाटलं, पोरीच्या आयुष्यात कुणीतरी आलंय. मास्तरांना वाटलं, कुणीतरी वणावरून टोचून बोललंय. धाकटा ताटातलं न संपवताच उठला. गुंडीनं सगळ्यांकडे आळीपाळीनं बघितलं आणि सांगितलं, की मला रिव्हर्स घेता येत नाही.

ती मोटार चालवायला शिकवायची. स्वतःची छोटी गाडी, छतावर पाटी, दिवसाला सहा-सात शिकाऊ. वण असा ताठ झाला होता की मान डावीकडे पुरती वळायची नाही. मागं बघताना कातडी ओढायची, त्यात खाज, आणि त्या खाजेपायी त्याच सुमारास एका शिकाऊ आजोबांनी गाडी मागं नेत नेत दुधाच्या बुथावर घातली तेव्हा मास्तरीणबाई मान खाजवत होत्या. बूथवाला अजून बोलत नाही, असं ती म्हणाली. हसून म्हणाली, पण आत्यानं तिचा हात बघितला. तो कॉलरपाशीच गेला होता.

गुरुवारी दवाखान्यात आत्या तिच्यासोबत गेली. डॉक्टरबाई तरुण, बोलायला मऊ. त्यांनी गुंडीला कॉलर उघडायला सांगितली, वणावरून बोटं फिरवली, छोट्या पट्टीनं उंची मोजली, दुखतं का, खाजतं का, कधी खाजतं ते विचारलं. लेझरचं नीट समजावून सांगितलं. उजेडाचे झटके असतात, रबर ताणून सोडलं की बसतो तसा चटका बसतो, पाच-सहा बैठका लागतील, दोन बैठकांमध्ये महिना-दीड महिना जाऊ द्यायचा, लागलं तर एखादं इंजेक्शन. वण पुसून जाणार नाही, पण बसेल, मऊ होईल, खाज जाईल, मान वळेल. ऊन लागू द्यायचं नाही. आणि मग त्या जरा थांबल्या आणि त्यांनी विचारलं, ही रेघ कसली?

आत्यानं पुढं वाकून बघितलं. खाली गळ्याच्या हाडाजवळ वण सपाट होता, फिकट, कातडीला कातडी मिळून गेलेली. वरचा अर्धा मात्र लालसर, फुगलेला, बोटाएवढा जाड. दोन्हींच्या मधली रेघ खडूनं आखावी इतकी सरळ. डॉक्टरबाई म्हणाल्या, काही जणांची कातडी मुळातच अशी फुगते, पण इथं रोज काहीतरी घासतंय. नुसता दाब असता तर चांगलंच होतं. हे मात्र मान हलेल तसं मागंपुढं घासतंय, वर्षानुवर्षं, म्हणून याला शांत व्हायला सवडच मिळालेली नाही. ते थांबलं नाही तर लेझर करून बसवलेलं पुन्हा वर येईल.

रेघ कसली ते आत्याला सांगायला डॉक्टर लागत नव्हता. मास्तर कॉलर जिथं संपते तिथं ती रेघ होती. हजार वेळा तिनं त्या कडेला टाके घातले होते.

दवाखान्याच्या आवारातून गाडी मागं काढायची होती. गुंडीनं मान वळवून बघितली, वळली नाही, तेव्हा आत्याच मागं वळून बघत बसली, ये, ये, अजून ये, करत. रस्त्याला लागल्यावर गुंडी म्हणाली, की आत्या, हे बाबांना कळता कामा नये. मेले तरी चालेल, पण त्यांना हे कळायला नको. कोण मेलं तर चालेल, असं आत्यानं विचारलं, तेव्हा ती हसली आणि हसताहसता रडायला लागली. घरी असताना कॉलर घालीन आणि गाडीत बसले की काढून ठेवीन, असा तिनं तोडगा काढला. आत्यानं हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं!

रविवारी मात्र मास्तर खोलीत आले ते नवा शर्ट हातावर घेऊन. आठवडाभर दुकानातली कामं बाजूला सारून त्यांनी तो शिवला होता. घरात असेल नसेल ते सगळ्यात मऊ सुती कापड, पांढरं, धुऊन धुऊन नरम केलेलं, आणि त्याला अशी कॉलर की तशी त्यांनी आजवर कुणाला शिवली नव्हती. बोटभर आणखी उंच. आत तिहेरी बक्रम. ऊन लागू द्यायचं नाही, एवढं डॉक्टरांचं एकच वाक्य गुंडीनं घरी येऊन सांगितलं होतं, आणि त्यावर मास्तरांनी हे उभं केलं होतं. त्यांनी शर्ट गुंडीच्या मांडीवर ठेवला आणि खुर्चीत बसून टेप बोटाला गुंडाळायला लागले. ते खूश असले की असं करायचे.

गुंडीनं शर्ट उलगडला, गालाला लावला आणि छान झालाय म्हणाली. उद्या हाच घालून जाते, असंही म्हणाली. आत्याला तिचा रागही आला आणि कीवही आली.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. वहिनी सफरचंदं चिरत होती. आत्यानं दार ओढून घेतलं आणि सगळं सांगून टाकलं, रेघेसकट. वहिनीनं सुरी खाली ठेवली. मग तिनं विचारलं, तुम्ही हे अजून कुणाला बोललात का? नाही म्हटल्यावर म्हणाली, मग बोलूही नका, वन्सं. या वयात हे ऐकलं तर ते पुन्हा कात्री हातात धरायचे नाहीत. पोरीला मी समजावते, उपरणं-बिपरणं काहीतरी काढू, कॉलर हळूहळू सुटेल.

हे सगळं आत्याला पटत होतं. पण वहिनी पुढं म्हणाली, की चूक ज्याची होती त्याची आहे, ती आता दुसऱ्याच्या गळ्यात कशाला घालायची? आणि ते आत्याला लागलं. तिच्या एकदम लक्षात आलं, वहिनीला नवऱ्याची काळजी होती हे खरं, पण अठरा वर्षं एका जागी ठेवलेला राग तिथून हलवायचीही तिची तयारी नव्हती. आत्याला दोन भाऊ. एकाचं सांभाळायचं म्हणून दुसऱ्याला किती दिवस उन्हात उभा करायचा? ती बाहेर आली.

बाहेर धाकटा आला होता. पन्नाशीला आलेला माणूस, पण या घरात नेहमी दाराजवळच्या स्टुलावर बसायचा, जसा काही कुणी उठ म्हणेल म्हणून. त्याच्या कॉलरचं वरचं बटण कायम लावलेलं. गुंडी त्याला लेझरचा चष्मा कसा असतो ते सांगत होती, आपल्याला डोळ्यांवर लावतात तो, आणि काका, मी त्यात बेडकासारखी दिसणार. तो हसला. मग त्यानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले आणि सांगितलं, की उद्या तुम्ही सगळे जा, मी येत नाही. तिथं माझं काय काम? मी दुकान बघतो.

वहिनी चिरलेली सफरचंदं घेऊन बाहेर आलीच होती. "बरंच आहे म्हणावं," ती आत्याकडे बघून म्हणाली, "दुकानात कुणीतरी हवंच."

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. एरवी अशा वेळी घरातला मोठा माणूस म्हणतो, अरे चल, काय वेड्यासारखं. मास्तर टेप बोटाला गुंडाळत राहिले. गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. धाकट्यानं मान खाली घातली, जशी तो अठरा वर्षं घालत आला होता. आत्यानं त्या गप्प बसण्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडाचा बांध फुटला.

"दादा, तिला ती कॉलर चालणार नाही."

मास्तरांनी वर बघितलं. मान मोकळी ठेवायला सांगितलीय, एवढंच ती म्हणाली. अजूनही तिला वाटत होतं, तेवढ्यावर भागेल. पण मास्तरांची एक खोड सगळ्या गल्लीला माहीत होती. गिऱ्हाइकानं कपडा उसवून मागितला तर ते आधी कारण विचारायचे. कारण पटलं तर फुकट उसवून द्यायचे, नाही पटलं तर राजा आला तरी नाही.

"ऊन लागायला नको असंही सांगितलंय ना? मग उसवायचं कारण सांग."

गुंडी नुसतं "आत्या" म्हणाली. वहिनीनं बशी टेबलावर ठेवली.

"भाजलं ते इस्त्रीनं, दादा," आत्या म्हणाली. "फुगवलं ते कॉलरनं. रोज घासते ती. जिथवर कॉलर आहे तिथवरच वण वर आलाय, खाली कुठं नाही. मी डोळ्यांनी बघून आले."

गुंडी उभी राहिली आणि घाईघाईनं बोलायला लागली, की डॉक्टर असं नाही म्हणाल्या, कातडीचा गुण असतो म्हणाल्या, काही जणांचं तसंही फुगतं, आत्याला अर्धंच कळतं. वहिनी आत्याला म्हणाली, झालं समाधान? धाकटा स्टुलावरून उठला होता आणि त्याला काय करावं ते कळत नव्हतं. आत्याला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटली. दादा मरेल आता, असं तिला खरोखर वाटलं, आणि ती भावाच्या तोंडाकडे बघायचं टाळून त्याच्या हातांकडे बघत राहिली.

मास्तर उठून दुकानात गेले. मोठ्या पेटीचं झाकण वाजलं. ते परत आले ते हातभर कपडे घेऊन. गुंडीचे जुने शर्ट. आखूड झालेला एकही त्यांनी कधी टाकला नव्हता, पुढच्याचं माप घ्यायला ठेवायचे. गुंडीच्या गळ्याला टेप लावून त्यांनी अठरा वर्षांत माप घेतलं नव्हतं. घ्यायचे ते नेहमी कापडावरून.

त्यांनी शर्ट टेबलावर ओळीनं मांडले, सात वर्षांच्या पोरीच्या इवल्याशा शर्टापासून अंगावरच्या मापापर्यंत. मग एकेक कॉलर उलटी केली. उजवीकडचं आतलं कापड कोरं करकरीत. डावीकडचं सगळीकडे झिजलेलं, धागे निघालेले, कुठं विरून आतलं बक्रम दिसतंय, कुठं वरून नवा तुकडा लावलाय. आणि मोठ्या शर्टांवर त्या तुकड्यावर आणखी एक तुकडा. मास्तरांनी सगळ्या डाव्या बाजूंवरून अंगठा फिरवला.

"हे मला दिसत होतं," ते म्हणाले. "दर वर्षी. डावी बाजू आधी जाते म्हणून मी तिथं दुसरं बक्रम घातलं. मग तिसरं." त्यांनी एक कॉलर उचलून धरली. "कापड झिजतंय एवढंच बघितलं मी. कशावर झिजतंय ते नाही बघितलं."

गुंडी त्यांच्याजवळ गेली, तिनं आपल्या कॉलरची बटणं काढली आणि त्यांचा हात धरून मानेवर ठेवला. तो हात तिथं पहिल्यांदाच लागत होता. मास्तरांनी आधी हात मागं घेतला, मग पुन्हा ठेवला आणि अंगठ्यानं, कापडाचा पोत बघावा तसं, वणाच्या वरच्या कडेपासून खाली त्या रेघेपर्यंत जाऊन आले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसलंही नाही.

"दुखतं?"

"नाही. खाजतं," गुंडी म्हणाली. "तुम्ही शिवलेली कॉलर होती म्हणून मी शाळेत गेले, बाबा. तेही लक्षात ठेवा. नसती तर मी टेबलाखालून बाहेरच आले नसते."

मास्तरांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही कुणास ठाऊक. पण उसवायचं कारण त्यांना मिळालं होतं. त्यांनी नवा पांढरा शर्ट ओढून घेतला, चष्मा लावला आणि कॉलरच्या मुळाशी पातं घातलं. एकेक टाका सुटत गेला. आठवड्याचं काम दहा मिनिटांत टेबलावर पडलं. मग त्यांनी खडूनं गळा उतरवून घेतला, मोकळा, पसरट, वणाला कुठं शिवणार नाही असा, कापला आणि आतून लावायला पट्टी बेतली. उन्हाला गाडीच्या काचेला पडदा शिवतो, ते म्हणाले. काचेला काय घासायचंय.

पट्टी आत्यानं लावली. आता सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. ती शिवण बसवायला लाकडी ठोकळा घेणार तोच मास्तरांनी तो बाजूला सारला. ठोकळ्यानं गोल गळ्याची शिवण बसत नाही, उभी राहते, काचते. आणि आता या पोरीच्या अंगावर काचेल असं काही जायचं नाही. लाँड्री रविवारी बंद. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दाराजवळच्या धाकट्याकडे बघितलं.

"माळ्यावरची इस्त्री काढ."

धाकटा जागचा हलेना. आत्यानं त्याला डोळ्यांनी खुणावलं तेव्हा तो शिडीवर चढला. पुडकं खाली आलं, जुन्या कोटाचा तुकडा सुटला. इस्त्री जुनी होती, तीच, पण तिची वायर नवी होती. मास्तरांनी ती हातात धरून वळवून बघितली. ही कुठून आली, असं त्यांनी विचारलं. धाकटा म्हणाला, दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, उंदीर कुरतडतात. एवढं सांगताना त्याचे कान लाल झाले. कुणी कधी वापरणार नाही अशा इस्त्रीची वायर तो अठरा वर्षं बदलत होता, आणि घरात हे कुणालाच माहीत नव्हतं. आत्यालासुद्धा नाही, जिला गल्लीतल्या मांजरांच्या पिल्लांचाही पत्ता असायचा.

"तूच फिरव," मास्तर म्हणाले.

"मी नको, दादा. माझा हात..."

"तूच. हा वण आपण दोघांनी मिळून केलाय. तू एका दुपारी केलास, मी अठरा वर्षं करत बसलो. मी तुझ्याशी बोलायला पाहिजे होतं रे. मी बोललो नाही."

धाकट्यानं गळ्याचं वरचं बटण काढलं, तेव्हाच त्याला श्वास घेता आला असावा, आणि तो टेबलापाशी आला. इस्त्री तापली. त्यानं कापडावर ओला रुमाल पसरला. तेवढ्यात गुंडी टेबलाच्या या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं वायर उचलून आपल्या मुठीत धरली, वर, खांद्याच्या उंचीवर.

"फिरव, काका. या वेळी ओढत नाही."

धाकटा हसला की रडला ते आत्याला नीट दिसलं नाही, कारण तिचेच डोळे भरले होते. त्यानं इस्त्री टेकवली. वाफ निघाली, आणि खोलीत गरम कापडाचा वास पसरला. गोल गळ्याची शिवण त्यानं बोटाबोटानं फिरवत बसवली, घाई न करता. हात विसरला नव्हता. झाल्यावर त्यानं इस्त्री टेबलाच्या बरोबर मधोमध उभी केली आणि आधी बटण बंद केलं, मग गुंडीच्या हातातून वायर घेतली. मास्तरांनी गळ्याची आतली बाजू उलटून अंगठा फिरवून बघितला. कुठं काही उभं नव्हतं. गुंडी आत जाऊन शर्ट घालून आली. तिची मान उघडी होती, वण उजेडात होता, आणि खोलीत एकानंही नजर वळवली नाही.

इतका वेळ वहिनी बशीतली सफरचंदाची एकच फोड हातात धरून उभी होती. ती काळी पडली होती. तिनं ती बाजूला ठेवली, बशी उचलली आणि आत्याला ओलांडून, नवऱ्याला ओलांडून थेट धाकट्याच्या पुढ्यात जाऊन धरली.

"घ्या, भाऊजी," ती म्हणाली. "आणि उद्या नऊला निघायचंय. गाडीत पुढं तुम्हीच बसा. तिला अजून मागचं दिसत नाही."